गल्ल्यावरची घंटा विकणारा माणूस: जॉन पॅटरसन आणि विक्रीची पहिली शाळा

कोपऱ्यावरच्या दुकानात तुम्ही 40 रुपयांचं दूध घेता, कोड स्कॅन करता आणि गल्ल्याशेजारचा छोटा डबा मोठ्याने बोलतो की चाळीस रुपये मिळाले. तो आवाज खरं तर तुमच्यासाठी नसतोच. मालक आत गोणी उतरवून घेत असतो, पैसे आले हे त्याला कळावं म्हणून तो डबा ओरडतो.

साधारण 140 वर्षांपूर्वी अमेरिकेत हेच काम एक घंटा करायची. दुकानातल्या नोकराने बटण दाबलं की रकमेचा आकडा वर दिसायचा, गल्ल्याचा खण उघडायचा आणि घंटा वाजायची. या यंत्राचं नाव कॅश रजिस्टर. यंत्र उपयोगाचं होतं, पण सुरुवातीला ते कुणीही विकत घेईना.

हे नकोसं यंत्र लाखोंच्या संख्येने विकून दाखवणारा माणूस म्हणजे जॉन हेन्री पॅटरसन. आज तुम्ही विमा विकत असा, गाड्या विकत असा किंवा घरोघरी वॉटर प्युरिफायर दाखवत असा, तुमच्या कामातल्या बऱ्याच गोष्टींना शिस्तीचं रूप त्याच्या कंपनीत मिळालं. ठरलेलं बोलणं, डेमो, टार्गेट, वाटून दिलेला एरिया, ट्रेनिंग, टार्गेट गाठणाऱ्यांचा सत्कार, हे सगळं त्यात आलं. आणि विक्रीची भूक आवरली नाही तर माणूस कोर्टाच्या पिंजऱ्यापर्यंत कसा पोचतो, तेही याच माणसाच्या आयुष्यात दिसतं.

पदवीधर, पण कामाचं काही येईना

पॅटरसनचा जन्म 13 डिसेंबर 1844 रोजी ओहायो राज्यातल्या डेटन गावाजवळ झाला. घरची मोठी शेती होती. 1867 मध्ये तो डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला आणि पुढे बहुतेक सुशिक्षित तरुणांचं होतं तेच त्याचं झालं. हातात पदवी होती, पण व्यवहारात उपयोगी पडेल असं काही येत नव्हतं. कॉलेजात शिकलेल्या माणसांबद्दल त्याच्या मनात पुढे जन्मभर अढी राहिली, तिचं मूळ याच काळात असावं.

त्याला डेटनच्या कालव्यावर जकात गोळा करायची नोकरी मिळाली. त्या नोकरीतच त्याने जोडधंदा म्हणून कोळसा विकायला सुरुवात केली. पुढे भावांबरोबर कोळशाच्या खाणींचा धंदा केला. खाणमजुरांना सामान मिळावं म्हणून कोल्टन नावाच्या वस्तीत एक दुकानही चालवलं.

त्या दुकानात माल भरपूर खपायचा. आसपास दुसरं मोठं दुकान नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाईक हमखास होतं. तरी हिशेब केला की तोटाच निघायचा. माल जात होता, पण पैसे गल्ल्यापर्यंत पोचत नव्हते. कुठे नोकर हात मारत होते, कुठे उधारी लिहायची राहत होती, कुठे ओळखीच्या माणसाला कमी भाव लावला जात होता.

याच सुमाराला डेटनमध्ये बनणाऱ्या एका यंत्राची माहिती त्याच्या कानावर आली. ते यंत्र मुळात जेम्स रिटी नावाच्या डेटनच्याच एका दारूच्या गुत्तेवाल्याने 1879 मध्ये बनवलं होतं. त्याचंही दुखणं हेच होतं. गुत्त्यात गर्दी असायची आणि नफा मात्र नोकरांच्या खिशात जायचा. युरोपला जाताना जहाजावर त्याने पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं. फेरे मोजता येतात तर गल्ल्यात पडणारे पैसे का मोजता येऊ नयेत, असा विचार त्याच्या डोक्यात आला आणि त्यातून हे यंत्र तयार झालं.

पॅटरसनने ते यंत्र न पाहताच आपल्या दुकानासाठी मागवलं. काही महिन्यांत तोट्यातलं दुकान नफ्यात आलं. नोकर तेच होते, गिऱ्हाईक तेच होतं, मालही तोच होता. बदल एवढाच की आता प्रत्येक व्यवहार नोंदला जात होता.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पॅटरसनच्या विक्रीची सगळी इमारत याच अनुभवावर उभी आहे. विक्रेता होण्याआधी तो या यंत्राचा गिऱ्हाईक होता. दुकानदाराचं दुखणं कुठे असतं, ते त्याने स्वतः भोगलं होतं.

गावभर हसं झालं

1884 मध्ये पॅटरसनने हे यंत्र बनवणारी कंपनीच विकत घेतली. किंमत ठरली 6,500 डॉलर. कंपनीत कामगार होते जेमतेम 13. डेटनमधल्या व्यापाऱ्यांना हे कळलं तेव्हा ते त्याच्यावर हसले. ही कंपनी कशी रडतखडत चालली आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त यालाच ते माहीत नव्हतं.

पॅटरसन इतका घाबरला की दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याकडे परत गेला आणि सौदा मोडण्यासाठी पदरचे 2,000 डॉलर द्यायला तयार झाला. समोरच्याने साफ नकार दिला. मग मागे फिरायचा रस्ताच उरला नाही. त्याने कंपनीला नॅशनल कॅश रजिस्टर हे नवं नाव दिलं आणि कामाला लागला. पुढे ही कंपनी एनसीआर या नावाने ओळखली जाऊ लागली.

समोर अडचण मोठी होती. लोकांना भाकरी हवी असते, कपडा हवा असतो, पण गल्ल्यावर घंटा हवी असं कुणाला वाटत नव्हतं. दुकानदार म्हणायचे की आमची माणसं प्रामाणिक आहेत. नोकरांना तर हे यंत्र म्हणजे चोर पकडायचा सापळा वाटायचा. कंपनीचं पत्रक दुकानात आलं की मालकाच्या हाती पडण्याआधीच नोकर ते फाडून टाकायचे. म्हणून पॅटरसनने नाव न छापलेल्या साध्या लिफाफ्यांतून पत्रकं पाठवायला सुरुवात केली. एक पत्रक पाठवून तो थांबायचा नाही. त्याच दुकानदाराला पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी वेगळा मुद्दा घेऊन पत्रक जायचं.

पण कागदाने यंत्र विकलं जाणार नव्हतं. त्यासाठी माणूस समोर उभा राहायला हवा होता.

मेहुण्याला जमतं ते सगळ्यांना का जमू नये?

त्या काळी फिरता विक्रेता म्हणजे गप्पिष्ट, विनोद सांगणारा, गिऱ्हाइकाला दारू पाजून सौदा करणारा माणूस, अशीच समजूत होती. विक्री ही जन्मजात देणगी असते, ती शिकवता येत नाही, असं सगळे मानत. पॅटरसनला हे पटत नव्हतं.

त्याच्या कंपनीत त्याचा मेहुणा जोसेफ क्रेन काम करायचा. क्रेनची विक्री इतरांपेक्षा कितीतरी जास्त होती. त्याचं रहस्य शोधताना एक साधी गोष्ट पुढे आली. क्रेन प्रत्येक दुकानदारासमोर तेच बोलणं, त्याच क्रमाने बोलायचा. एखाद्या गिऱ्हाइकाने नकार दिला की आपल्या बोलण्यात नेमकं काय सुटलं, याचा तो विचार करायचा आणि पुढच्या वेळी ते भरून काढायचा.

1887 मध्ये क्रेनचं हे बोलणं छापून काढण्यात आलं. साधारण 450 शब्दांचा तो मजकूर प्रत्येक विक्रेत्याने पाठ करायचा, असा हुकूम निघाला. जुने जाणते विक्रेते चिडले. आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का, असा त्यांचा सूर होता. पॅटरसन बधला नाही. पाठ नसेल तर नोकरी नाही, इतकं ते सरळ होतं.

या पद्धतीत विक्रीच्या चार पायऱ्या होत्या.

पहिली पायरी ओळखीची. दुकानात शिरल्यावर यंत्राचं नावसुद्धा काढायचं नाही. धंद्यात गळती कुठे होते, नफा कसा वाढेल, हे बोलायचं. उधारी कशी लिहिता, सुट्टे पैसे कोण देतो, रात्री हिशेब जुळतो का, हे विचारायचं आणि ऐकून घ्यायचं. या भेटीत काही विकायचंच नाही. पुढची भेट ठरली म्हणजे काम झालं.

दुसरी पायरी मांडणीची. दुकानदाराने स्वतःच सांगितलेल्या अडचणी त्याच्यासमोर ठेवायच्या आणि त्या सोडवायचा मार्ग आहे हे सांगायचं.

तिसरी पायरी प्रात्यक्षिकाची. हे दुकानात करायचं नाही, कारण तिथे गिऱ्हाईक येतं, नोकर कान टवकारून असतात, मालकाचं लक्ष उडतं. त्यासाठी हॉटेलात खोली घ्यायची, यंत्र तिथे मांडायचं आणि दुकानदाराला तिथे बोलवायचं. नुसतं यंत्र दाखवायचं नाही, त्याच्याच दुकानात रोज होणारे व्यवहार त्या यंत्रावर करून दाखवायचे.

चौथी पायरी सौदा पक्का करण्याची. इथे बहुतेक विक्रेते कचरतात. घेणार का, असं विचारलं की नाही म्हणणं सोपं होतं. म्हणून गिऱ्हाईक घेणारच आहे असं धरून चालायचं. कुठला रंग हवा, कधी पोचवू, हे विचारायचं, सहीची जागा दाखवायची आणि पेन हातात द्यायचं.

गिऱ्हाईक कोणकोणत्या सबबी सांगतं, याचीही हळूहळू यादी झाली. महाग आहे, सध्या धंदा मंद आहे, आमच्याकडे चोरी होत नाही, भागीदाराला विचारतो. प्रत्येक सबबीला काय उत्तर द्यायचं, हे छापलं गेलं. दुकानदारांचे आक्षेप ऐकून विक्रेते ते कंपनीला कळवत आणि कंपनी पुस्तिकेत भर घालत असे. 450 शब्दांचा मजकूर वाढत वाढत जाडजूड पुस्तक झाला.

आज फोनवर पाठ केलेलं बोलणं ऐकून आपण वैतागतो, त्याचं मूळ इथेच आहे. पण फरकही तिथेच दिसतो. क्रेनच्या पाठ केलेल्या बोलण्याचा पहिला भाग समोरच्याचं ऐकण्याचा होता. आज तोच भाग गाळला जातो.

एरिया, टार्गेट आणि शाळा

पॅटरसनने दुसरी मोठी गोष्ट केली ती एरिया वाटून देण्याची. तोवर एकाच कंपनीचे दोन विक्रेते एकाच गावात एकमेकांचे पाय ओढायचे. पॅटरसनने प्रत्येक एजंटाला ठरावीक प्रदेश दिला. त्या प्रदेशात कुणीही यंत्र विकलं, तरी कमिशन त्याच एजंटाला मिळायचं. त्यामुळे एजंट एकमेकांना मदत करू लागले आणि आपल्या प्रदेशातल्या गिऱ्हाइकाला जपू लागले.

प्रत्येक प्रदेशाला तिथल्या लोकसंख्येचा आणि व्यापाराचा अंदाज घेऊन टार्गेट दिलं गेलं. ते पूर्ण करणाऱ्यांचा एक खास क्लब असायचा. त्यांना वार्षिक मेळाव्याला डेटनला बोलावलं जायचं, तिथे बँड वाजायचा, भाषणं आणि मेजवान्या व्हायच्या. विक्रेत्यांसाठी कंपनीची पत्रिका निघायची. कोण पुढे आणि कोण मागे, हे तिच्यात सगळ्यांना दिसायचं.

1890 च्या दशकात पॅटरसनने डेटनमध्ये विक्रेत्यांसाठी शाळा काढली. तिथे खोटी दुकानं उभारलेली असत. एक जण दुकानदार व्हायचा, दुसरा विक्रेता, बाकीचे चुका काढायचे. शिकवताना पॅटरसनचा भर डोळ्यांवर होता. ऐकलेलं विसरलं जातं, पाहिलेलं लक्षात राहतं, असं त्याचं मत होतं. म्हणून फळा, मोठाले तक्ते आणि चित्रं यांचा तिथे भडिमार असे.

कपड्यांकडेही त्याचं बारीक लक्ष असायचं. विक्रेता ज्या व्यापाऱ्याला सल्ला देणार, त्याच्यासमोर तो गबाळा दिसता कामा नये. काही माणसांना तर त्याने कंपनीच्या खर्चाने न्यूयॉर्कच्या शिंप्याकडे पाठवलं.

माल खराब असेल तर जीभ काय करणार?

1890 च्या दशकातच एक मोठा झटका बसला. इंग्लंडला पाठवलेली सुमारे 50,000 डॉलरची यंत्रं सदोष म्हणून परत आली. चौकशीत कळलं की कामगारांनीच यंत्रांवर आम्ल ओतलं होतं.

पॅटरसनने आपलं टेबल उचलून थेट कारखान्यात मांडलं आणि तिथे बसून काम पाहू लागला. कामगार असे का वागले, हे कळायला फार वेळ लागला नाही. कारखाना अंधारा, कोंदट आणि घाणेरडा होता. पगार कमी होता. चांगलं काम करावं असं तिथे कुणाला वाटणंच शक्य नव्हतं.

त्याने कारखान्याच्या नव्या इमारती बांधल्या. भिंतींना मोठमोठ्या काचा लावल्या, म्हणजे उजेड आत येईल. आंघोळीची सोय, गरम जेवण, डॉक्टर, वाचनालय, बागा या गोष्टी आल्या. लोक याला धर्मादाय समजले. पॅटरसनचं म्हणणं होतं की यात फायदा आहे. सेल्समनने दिलेला शब्द कारखान्यातल्या माणसाने पाळला नाही, तर पुढच्या वेळी सेल्समनला दारात कुणी उभं करणार नाही.

अर्थात तो काही संत नव्हता. त्याच्या लहरीपणाच्या कितीतरी गोष्टी डेटनमध्ये सांगितल्या जायच्या. अधिकाऱ्यांना तो पहाटे घोडेस्वारीला बोलवायचा. मनातून उतरलेल्या माणसाला एका क्षणात काढून टाकायचा. एक अधिकारी कामावर आला तेव्हा त्याचं टेबल आणि खुर्ची बाहेर हिरवळीवर जळत होती, असं सांगतात.

विक्री जिंकली, माणूस हरला

1911 पर्यंत कंपनीने दहा लाख यंत्रं विकली होती. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कॅश रजिस्टरांपैकी बहुतेक सगळी याच कंपनीची असायची. इथे गोष्ट संपली असती तर पॅटरसन निव्वळ आदर्श ठरला असता.

पण त्याला दुसरा कुणी बाजारात असलेलाच चालत नव्हता. प्रतिस्पर्ध्याचं यंत्र ज्याने घेतलं, त्या दुकानदाराला गाठून त्याचं मन कलुषित करायचं. प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रासारखं दिसणारं स्वस्त यंत्र बनवायचं आणि ते तोट्यात विकायचं. ठिकठिकाणी कज्जे लावायचे. हरवलेल्या कंपन्यांची यंत्रं मुख्य कचेरीत एका दालनात मांडलेली असत. नव्या प्रतिस्पर्ध्याला तिथे फिरवून आणलं की त्याने काय ते समजून घ्यावं.

जुन्या यंत्रांचा धंदा बुडवायचा डाव तर आणखी पुढचा होता. 1903 मध्ये थॉमस वॉटसन या हुशार विक्रेत्याच्या नावाने जुन्या यंत्रांची एक वेगळी कंपनी काढण्यात आली. तिला पैसा पॅटरसनचा होता, पण बाहेर कुणाला ते ठाऊक नव्हतं. ही कंपनी दुसऱ्या दुकानांच्या शेजारी दुकान थाटायची, भाव पाडायची आणि शेजारचा बुडाला की त्याचा धंदा घेऊन टाकायची.

मक्तेदारीविरोधी कायद्याखाली 1912 मध्ये खटला उभा राहिला. फेब्रुवारी 1913 मध्ये पॅटरसन, वॉटसन आणि कंपनीचे दोन डझनांहून अधिक अधिकारी दोषी ठरले. पॅटरसनला एक वर्षाची कैद आणि 5,000 डॉलर दंड झाला. दुकानदाराच्या गल्ल्यातली चोरी थांबवणारं यंत्र विकणारा माणूस दुसऱ्यांचा धंदा लुबाडल्याबद्दल शिक्षेला पात्र ठरला होता.

अपील सुरू असतानाच, मार्च 1913 मध्ये डेटनला भयंकर महापूर आला. गाव बुडालं. एनसीआरचा कारखाना उंचावर होता. पॅटरसनने सगळं काम थांबवून कामगारांना होड्या बनवायला लावलं. जवळपास 300 होड्या तयार झाल्या आणि छपरांवर अडकलेल्या लोकांकडे निघाल्या. कारखान्यातच निवारा, दवाखाना आणि स्वयंपाकघर सुरू झालं. हजारो लोकांना तिथे आसरा मिळाला. देशभर त्याचं नाव झालं आणि त्याला माफी द्यावी अशी मागणी सुरू झाली.

1915 मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितलं. तो पुन्हा चालला नाही. कंपनीने सरकारच्या अटी मान्य केल्या आणि कुणालाही तुरुंगात जावं लागलं नाही. 7 मे 1922 रोजी रेल्वेने प्रवास करत असतानाच पॅटरसनचा मृत्यू झाला.

मागे काय उरलं?

वॉटसनला पॅटरसनने 1914 मध्ये कंपनीतून काढून टाकलं. बाहेर पडताना वॉटसन पॅटरसनची सगळी विद्या बरोबर घेऊन गेला. तो ज्या छोट्या कंपनीत शिरला, तिचं नाव 1924 मध्ये आयबीएम झालं. टार्गेट, एरिया, शाळा, क्लब, नीटनेटका पोशाख, हे सगळं तिथे पुन्हा उभं राहिलं. पॅटरसनच्या हाताखाली घडलेली इतरही कितीतरी माणसं मोठमोठ्या कंपन्यांत गेली आणि त्याची पद्धत सगळीकडे पसरली.

वॉटसन स्वतः सुरुवातीला सपशेल अपयशी विक्रेता होता. 1890 च्या दशकात तो बफेलो शहरात एनसीआरमध्ये लागला तेव्हा पहिले काही दिवस त्याला एकही यंत्र विकता आलं नाही. त्याच्या साहेबाने, जॉन रेंजने, आधी त्याला यथेच्छ झापलं आणि नंतर त्याला बरोबर घेऊन दुकानं पालथी घातली. साहेब कसा बोलतो, कुठे थांबतो, काय विचारतो, हे वॉटसनने जवळून पाहिलं. काही काळातच तो आघाडीच्या विक्रेत्यांत गेला.

पॅटरसनचं खरं म्हणणं यात आलं. विक्री शिकता येते. गोड जीभ आणि ओळखीपाळखी नसलेला माणूसही विक्रेता होऊ शकतो. त्यासाठी गिऱ्हाइकाचं दुखणं आधी समजून घ्यावं लागतं, बोलण्याची तयारी करावी लागते, नकार का मिळाला ते लिहून ठेवावं लागतं आणि मालाच्या दर्जाची जबाबदारी घ्यावी लागते.

त्याने शिकवायचं राहिलं ते एकच. हीच शिस्त, हीच चिकाटी आणि हेच टार्गेट गिऱ्हाइकाचं भलं सोडून शेजारच्या दुकानाला संपवण्याकडे वळलं, की मग कितीही विकलं तरी पुरत नाही. महिनाअखेरीला टार्गेटचा आकडा समोर नाचत असेल, तेव्हा जॉन पॅटरसनच्या या दोन्ही बाजू आठवायला हव्यात.